खारीचे मीठ आणि खाडीचे जेवण
साष्टीच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या भाईंदरातील खारी गावी काय खावे, या प्रश्नाचे उत्तर मिठागरांच्या इतिहासाशी निगडित आहे. १७३९ साली वसई सर होऊन फिरंगी अंमल संपला, १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली. महसुलाचे धनी बदलत राहिले, तरी भरतीचे पाणी आगरात कोंडून, उन्हात आटवून मीठ ओढणारे आगरी मात्र तेच राहिले. त्या कष्टांना पुरे पडणारे अन्न म्हणजे तांदळाची भाकरी, चिंबोरीचे कालवण, आणि पाट्याखाली दाबून पाणी निथळवलेले, तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर कुरकुरीत तळलेले ओले बोंबील. ते भोजनगृहापेक्षा एखाद्या आगरी घरी, भाकरी तव्यावरून उतरताच खावेत, असे माझे निश्चित मत आहे.