मुदतपूर्व अंडे

आमच्या लहानपणी नांदगावात अंडे म्हणजे खाद्यपदार्थ नव्हे, मुदत ठेव! खुडूक कोंबडीखाली 21 दिवस ठेवली की व्याजासकट पिलू हातात. ठेव मोडायची ती फक्त कुणाला ताप आला किंवा मुंबईचा पाहुणा आला तरच. 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती निघाली, अंड्याचे भाव रोज जाहीर होऊ लागले. पुढे नाक्यावर ट्रेमधून पांढरी अंडी आली आणि परसातल्या कोंबडीची पतच गेली.

परवा मी बिडाच्या तव्यावर अंडे फोडले. बलक फुटला. आई कळवळली, "मेल्या, एक पिलू फुकट घालवलंस!"

"आई, तिथं कोंबडाच नसतो. ह्यातून पिलू निघतच नाही."

"मगे तेका अंडा कित्याक म्हणतंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी मुकाट्याने मीठ भुरभुरले.