आमच्या शाळांचीं व्यवस्थापक मंडळें आणि त्यांविषयींचे कायदेशीर वाद

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या स्मरणग्रंथांत देवळाचा, धर्मगुरूंचा व उपकारकर्त्यांचा वृत्तांत यावा, हें योग्यच आहे. परंतु देवळाच्या आवाराला लागून जी शाळा उभी असते, तिचा कारभार कोण पाहतो, त्यास तो अधिकार कोणीं दिला, आणि त्याच्या जागीं दुसरा यावयाचा तर तो कोणत्या रीतीनें यावा, याविषयीं अशा ग्रंथांत सहसा कोणी लिहीत नाहीं. वस्तुतः या प्रांतांतील शिक्षणसंस्थांचे जे तंटे न्यायासनापुढें गेले, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ याच प्रश्नांत सांपडतें. म्हणून या विषयाचा पूर्वेतिहास व आजची स्थिति वाचक बंधुभगिनींपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचा हा घोडबंदराचा रस्ता नव्या वस्तीचा म्हणून आज ओळखला जातो. माजिवडें, मानपाडा, कासारवडवली, ओवळें या गांवांच्या भातशेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. वसई, गोवें, मंगळूर, केरळ येथून आलेलीं कुटुंबें एकाच देवळांत गुडघे टेकूं लागलीं. परंतु भूमि जुनी आहे. ठाण्यास १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनीं आपलें रक्त सांडलें. रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास, खाडीकांठीं, पोर्तुगीजांचा घोडबंदर किल्ला अद्यापि उभा आहे. १७३७ सालीं ठाणें मराठ्यांच्या हातीं आलें व १७३९ सालीं वसई पडली. राज्यें बदललीं, तरी आमच्या पूर्वजांनीं देवळाचा कारभार चालूं ठेविला. आणि तो चालला तो मंडळाच्या रूपानें. देवळाच्या उत्पन्नाची व्यवस्था पाहणारी ‘फाब्रिक’ आणि सणांचा व दानधर्माचा भार वाहणाऱ्या ‘कोन्फ्रारिया’ ह्या आमच्या लोकांच्या पहिल्या कारभारी संस्था होत. हिशेबाची वही, पेटीची किल्ली आणि पाळीपाळीनें येणारे कारभारी, हा क्रम आमच्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता.

अधिकार कोणाचा, हा वाद मात्र आमच्याकडे नवा नाहीं. पोर्तुगालच्या राजाचा ‘पाद्रोआदो’ आणि रोमची ‘प्रोपागांदा’ यांच्या तंट्यापायीं १७९४ सालीं मुंबईच्या देवळांची वांटणी झाली. १८५३ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली त्याच वर्षीं, माहीमच्या सेंट मायकेल देवळांत बिशप हार्टमन यांस प्रतिपक्षानें कोंडून धरिलें. आणि शेवटीं सरकारी अंमलदारांच्या हस्तक्षेपानें देवळाचा ताबा पाद्रोआदोच्या पक्षाकडे गेला. हा तंटा १८८६ च्या करारानें पुष्कळसा शमला व १५ एप्रिल १९२८ च्या करारानें संपला. यांतून एक बोध घेण्याजोगा आहे. भक्तीचा प्रश्न असो कीं शिक्षणाचा, किल्ली कोणाच्या हातीं असावी हें आपसांत ठरलें नाहीं, म्हणजे तें बाहेरचा अंमलदार ठरवितो.

आतां शाळेकडे वळूं. १८५४ सालच्या सर चार्ल्स वुड यांच्या खलित्यानें हिंदुस्थानांत खासगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धति घातली. या अनुदानाची एक अट अशी होती कीं, शाळेवर पुरेशी स्थानिक देखरेख असावी. आश्रयदाते, वर्गणीदार किंवा देणगीचे विश्वस्त अशा एका वा अनेक व्यक्तींनीं शाळेची जबाबदारी पतकरावी आणि कांहीं काळपर्यंत तरी ती चालविण्याची हमी द्यावी. आजच्या व्यवस्थापक मंडळाचें बीज या अटींत आहे. पैसा सरकारनें द्यावा, कारभार लोकांनीं करावा; परंतु ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, हें लेखी असावें, अशी ही योजना होती.

पुढें १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्यानें, ज्ञानप्रसारासाठीं जमलेल्या मंडळींस संस्था म्हणून नोंदण्याची सोय झाली. त्या कायद्याचें चौथें कलम सांगतें कीं, कारभारी मंडळाची यादी दरवर्षीं निबंधकाकडे पाठवावी. पंधरावें कलम सांगतें कीं, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल त्यानें मत देऊं नये. हीं दोन कलमें वाचावयास किती साधीं! परंतु अर्धे तंटे या दोहोंच्या आसपास उभे राहतात. वर्गणी कोणाची थकली, पावती कोणीं फाडली, यादींत नांव केव्हां चढलें, हें ज्या वहींत सांपडावयाचें ती वहीच सभेच्या आदल्या दिवशीं कोणाच्या तरी घरीं जाते!

१९५० सालीं मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा झाला. सांप्रत तो महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो. शाळा चालविणाऱ्या बहुतेक संस्था संस्था-नोंदणीच्या कायद्यासह याही कायद्याखालीं येतात. धर्मादाय आयुक्ताच्या दप्तरीं प्रत्येक विश्वस्तसंस्थेचें पान असतें आणि त्यावर विश्वस्तांचीं नांवें असतात. त्यांत बदल झाला म्हणजे बाविसाव्या कलमाप्रमाणें ९० दिवसांच्या आंत तो कळविला पाहिजे. यासच ‘फेरफार अहवाल’ म्हणतात. कोणी हरकत घेतली, तर उपआयुक्त किंवा सहायक आयुक्त चौकशी करतात. त्यांच्या निर्णयावर धर्मादाय आयुक्तांकडे, तेथून जिल्हा न्यायालयाकडे आणि तेथून उच्च न्यायालयाकडे जातां येतें. एका निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत तिची मुदत संपून दुसरी, तिसरी निवडणूकही होऊन जाते, आणि प्रत्येकीचा वेगळा अहवाल त्या ढिगावर चढतो.

सरकारचा हात कोठपर्यंत पोहोंचावा, हा प्रश्न या कायद्याबरोबरच उभा राहिला. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं कायदा सामान्यतः मान्य केला. परंतु धार्मिक संस्थेवर धर्मादाय आयुक्तासच विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद रद्द ठरविली. हिशेब पाहण्याचा अधिकार सरकारला आहे. कारभाऱ्याच्या आसनावर स्वतः जाऊन बसण्याचा नाहीं, ही रेषा तेव्हां आंखली गेली.

येथें वाचकांच्या मनांत बहुधा जो घोंटाळा असतो तो दूर करणें अवश्य आहे. ‘शाळेची कमिटी’ असें आपण म्हणतों, तेव्हां निरनिराळ्या संस्थांस एकच नांव देतों. पहिली, विश्वस्तांची किंवा संस्थेची कार्यकारिणी. शाळेची मालकी व अंतिम जबाबदारी हिची. दुसरी, खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयींच्या १९७७ च्या कायद्यान्वयें झालेल्या १९८१ च्या नियमांतली शाळा समिति; हींत व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींबरोबर शिक्षकांचा व शिक्षकेतरांचाही प्रतिनिधि असतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. तिसरी, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमांतील शाळा व्यवस्थापन समिति. हींत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. यांशिवाय पालक-शिक्षक संघ निराळाच. एकीचा अधिकार दुसरीनें आपला समजून चालविला, म्हणजे वाद ठरलेला. पालकांच्या समितीनें मुख्याध्यापक बदलण्याचा ठराव करावा, किंवा विश्वस्तांनीं पालकांची निवडणूकच न घेतां आपल्या मर्जीचीं नांवें लिहावीं, हे दोन्ही प्रकार याच अज्ञानाचीं फळें होत.

खरा कठीण तंटा मात्र पहिल्या मंडळाचा. त्याचें स्वरूप बहुधा एकच असतें. जुने कारभारी म्हणतात, आमची मुदत आहे. नवे म्हणतात, ती केव्हांच सरली. दोन नोटिसा निघतात, दोन सभा भरतात, दोन अध्यक्ष निवडले जातात आणि धर्मादाय कार्यालयांत दोन फेरफार अहवाल दाखल होतात. मग प्रश्न असा कीं, चौकशी चालूं असतां शाळा कोणीं चालवावी? चेंबूर-ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या खटल्यांत, ज्याचा निर्णय २००२ च्या विधिवृत्तांत छापलेला आहे, मुंबई उच्च न्यायालयानें या प्रश्नाचा विचार केला. बदल हा निवडणुकीनें घडतो; अहवाल हा घडलेल्या बदलाची वर्दी होय; म्हणून अहवाल मंजूर होईपर्यंत निवडून आलेल्यांनीं हात बांधून बसलें पाहिजे असें नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तत्त्व उत्तम, परंतु निवडणूकच खरी कीं खोटी असा वाद असेल, तेथें तेवढ्यानें सुटका होत नाहीं.

या अवधींत सोसावें कोणीं लागतें? दोन्ही पक्षांचे पुढारी तर वकिलाच्या कचेरींत असतात. शिक्षकाच्या नेमणुकीच्या मान्यतेवर कोणाची सही चालावी, हें शिक्षणाधिकाऱ्यास समजत नाहीं, पगारपत्रकें अडतात, गळकें छप्पर दुरुस्त करावयाचें तर बँक दोन्ही सह्या नाकारते. मुलाचें वर्ष मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. पहिलींत आलेला मुलगा शालान्त परीक्षेस बसतो, तरी त्याच्या शाळेचे चालक कोण, हें ठरलेलें नसतें.

आम्ही अल्पसंख्य, आम्हांस राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचें कवच आहे, असें आमच्यांतील पुष्कळ जण म्हणतात. तें खरें आहे, आणि त्याचा इतिहास अभिमानास्पद आहे. १९५८ सालीं केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देतांना सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्यांच्या शाळांचा कारभार सरकारनें ताब्यांत घेण्याचीं कलमें त्यांच्यापुरतीं अमान्य केलीं. परंतु त्याच वेळीं बजावलें कीं, कारभार करण्याच्या हक्कांत गैरकारभार करण्याचा हक्क येत नाहीं. १९७० सालीं मदर प्रोव्हिन्शिअल यांच्या खटल्यांत, बाहेरचे सभासद घालून केलेलीं नियामक मंडळें अल्पसंख्यांच्या महाविद्यालयांवर लादतां येत नाहींत असें ठरलें. १९७४ सालीं अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यांत नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढें हाच प्रश्न गुजरात विद्यापीठाच्या कायद्यावरून आला आणि निकाल संस्थेच्या बाजूनें लागला. आमच्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यांतही अल्पसंख्य शाळेच्या मुख्याध्यापकाच्या नेमणुकीस सूट ठेविलेली आहे.

शिक्षणहक्क कायदा आला, तेव्हां पालकांच्या समितीचा प्रश्न पुनः उभा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीनें अल्पसंख्य शाळांतील समितीचें काम केवळ सल्ला देण्यापुरतें ठेविलें. आणि २०१४ सालीं प्रमती संस्थेच्या खटल्यांत पांच न्यायाधीशांनीं हा सर्व कायदाच अल्पसंख्य शाळांस, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाहीं असें ठरविलें. परंतु हा शेवटचा शब्द समजूं नये. महाराष्ट्रांतूनच गेलेल्या अंजुमन इशाअत-ए-तालीम संस्थेच्या प्रकरणांत १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त केली व मोठ्या पीठानें त्याचा विचार करावा म्हणून तो विषय सरन्यायाधीशांपुढें ठेविला. तेव्हां ज्या कवचावर आपण विसंबतों, त्याची परीक्षा पुनः होणें शक्य आहे.

आणि कवचही कोणापासून रक्षण करितें? बाहेरून येणाऱ्या हातापासून. आपल्याच दोन पक्षांतील कलहापासून तें रक्षण करीत नाहीं. वरील प्रत्येक खटल्यांत अल्पसंख्य संस्था एका बाजूस आणि सरकार वा विद्यापीठ दुसऱ्या बाजूस होतें. जेथें दोन्ही बाजूंस आपलेच लोक उभे राहतात, तेथें तिसावें कलम कोणाच्याच कामास येत नाहीं. तेथें चालते ती नियमावली, सभासदांची यादी आणि इतिवृत्ताची वही.

कोणी म्हणेल, आमच्या पुष्कळ शाळा धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाच्या किंवा संन्यासिनी-संघांच्या हातीं आहेत; तेथें निवडणूकच नाहीं, मग तंटा कसला? हें अंशतः खरें आहे. परंतु धर्मसभेचा कायदाही एकट्याचा कारभार मानीत नाहीं. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ५३७ व्या नियमानें प्रत्येक धर्मग्रामांत भाविकांची अर्थसमिति असलीच पाहिजे असें सांगितलें आहे. ज्या धर्मग्रामांत ही समिति नियमानें बसते, नियमानें उठते आणि हिशेब लोकांपुढें ठेविते, तेथें शाळेविषयींचा संशयही सहसा वाढत नाहीं. आजीनें मूठमूठ तांदूळ बाजूस काढून जी भिंत उभी केली, त्या भिंतीचें काय झालें हें विचारण्याचा नातवास हक्क आहे. आणि त्याचें उत्तर कोर्टांत नव्हे, देवळाच्या दिवाणखान्यांत मिळालें पाहिजे.

यावरून आमचें सांगणें इतकेंच. शाळेची नियमावली कपाटांत न ठेवतां प्रत्येक कारभाऱ्यानें वाचावी. सभासदांची यादी दरवर्षीं पुरी करून सर्वांस दिसेल अशी लावावी. मुदत संपण्यापूर्वीं सभा बोलवावी, संपल्यावर नव्हे. बदल झाला कीं ९० दिवसांची वाट न पाहतां अहवाल द्यावा. आणि जो कारभारी पायउतार होतो, त्यानें वह्या, शिक्के व किल्ल्या त्याच दिवशीं, पावती घेऊन, नव्या मंडळाच्या स्वाधीन कराव्या. हीं कामें लहान आहेत. परंतु यांतील एकेक राहून गेल्यामुळें भल्या भल्या संस्थांचीं वर्षेंच्या वर्षें वायां गेलीं आहेत.

महोत्सवाच्या दिवशीं आपण मागच्या पिढीस धन्यवाद देतों. पुढच्या पिढीनें आपणांस द्यावे अशी इच्छा असेल, तर तिला इमारतीबरोबर स्वच्छ दप्तरही मिळालें पाहिजे. माहीमच्या देवळाचा ताबा परक्या अंमलदारानें दिला, हें आपण वाचलें. आमच्या शाळांच्या किल्ल्या एका आपल्या हातांतून दुसऱ्या आपल्या हातांत, उघड्यावर आणि साक्षीनें जाव्या, एवढीच प्रभुचरणीं प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.