शीतकरणातील उत्सर्जनाचे आंतरराष्ट्रीय नियमन : माँट्रियल ते किगाली आणि भारत

प्रारंभीच्या शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साईड यांसारखे विषारी वायू वापरले जात व गळती झाल्यास ते प्राणघातक ठरत. इ.स. १९२८ मध्ये थॉमस मिडग्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतक म्हणून पुढे आणलेले क्लोरोफ्लोरोकार्बन अर्थात सीएफसी बिनविषारी व अज्वलनशील होते. त्यामुळेच त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. हे वायू ओझोन थर नष्ट करू शकतात, हा मोलिना व रोलँड यांचा निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकावरील ओझोन क्षयाचा पुरावा १९८५ मध्ये आला. त्याच वर्षी व्हिएन्ना करार झाला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल प्रोटोकॉलवर स्वाक्षऱ्या झाल्या.

भारताने या प्रोटोकॉलवर सुरुवातीस स्वाक्षरी केली नाही. ओझोनची हानी प्रामुख्याने औद्योगिक राष्ट्रांनी केली असताना पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च विकसनशील राष्ट्रांनी का सोसावा, हा भारत व चीन यांचा प्रश्न होता. जून १९९० च्या लंडन परिषदेत श्रीमती मनेका गांधी यांनी भारताची ही बाजू मांडली. तेथे बहुपक्षीय निधीची तरतूद झाली आणि १९९२ मध्ये भारत प्रोटोकॉलमध्ये सहभागी झाला. पुढे २०१० ची मुदत असताना भारताने ऑगस्ट २००८ मध्येच, दम्याच्या फवाऱ्यांसारखा अपवाद वगळता, सीएफसीचे उत्पादन थांबविले. निधीची मागणी ही केवळ टाळाटाळ होती, असे म्हणणाऱ्यांना या घटनेने उत्तर मिळते.

मंचाचा वाद

सीएफसीच्या जागी प्रथम एचसीएफसी व नंतर एचएफसी वायू आले. एचएफसी ओझोनला अपाय करीत नाहीत. परंतु त्यांतील बहुतेक प्रबळ हरितगृह वायू आहेत. फ्रीज व मोटारींत रूढ झालेल्या एचएफसी-१३४ए ची तापनक्षमता शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीहून अधिक आहे. अर्थात, ओझोन कराराच्या यशानेच हवामानाचा हा प्रश्न वाढविला. १९९७ च्या क्योटो प्रोटोकॉलने या वायूंचा समावेश आपल्या यादीत केला खरा, परंतु त्याचा परिणाम विपरीतही झाला. एचसीएफसी-२२ तयार करताना एचएफसी-२३ हा उपवायू निघतो. तो जाळून मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटचे मूल्य जाळण्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक होते. त्यामुळे क्रेडिटसाठीच उत्पादन चालते काय, असा संशय निर्माण झाला आणि मे २०१३ पासून युरोपीय महासंघाने आपल्या बाजारात ही क्रेडिट नाकारली.

२००९ मध्ये मायक्रोनेशिया व मॉरिशस यांनी एचएफसी माँट्रियल प्रोटोकॉलखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. एचएफसी ओझोनचा नाश करीत नसल्याने त्यांचे स्थान हवामान करारातच आहे, असा भारताचा युक्तिवाद होता. कायद्याच्या दृष्टीने तो निराधार नव्हता. मात्र निधी, वेळापत्रक व अहवालपद्धती यांची तयार यंत्रणा माँट्रियलकडेच होती. एप्रिल २०१५ मध्ये भारताने स्वतःचाच दुरुस्ती प्रस्ताव सादर केला. पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्पादकांनी एचएफसी-२३ स्वखर्चाने जाळावा, असा आदेशही शासनाने दिला.

किगाली दुरुस्ती

१५ ऑक्टोबर २०१६ रोजी किगाली येथे दुरुस्ती संमत झाली. त्यानुसार विकसित राष्ट्रांची कपात २०१९ पासून सुरू झाली. चीनसह बहुसंख्य विकसनशील राष्ट्रांचा वापर २०२४ मध्ये गोठविला गेला. भारत, पाकिस्तान, इराण व आखाती राष्ट्रांच्या गटासाठी २०२८ हे वर्ष ठरले. भारतास २०४७ पर्यंत ८५ टक्के घट करावयाची आहे. भारताने २०२१ मध्ये या दुरुस्तीस मान्यता दिली.

या व्यवस्थेची एक मर्यादा फारशी चर्चिली जात नाही. करार मोजतो तो उत्पादन व वापर. एचएफसी-२३ वगळता प्रत्यक्ष उत्सर्जन नव्हे. जुन्या यंत्रांत भरलेला वायू भंगारवाल्याच्या अंगणात सुटला, तर तो कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. यंत्रे चालविण्यासाठी लागणाऱ्या विजेचा तर यात समावेशच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुबई येथे मांडलेल्या जागतिक शीतकरण प्रतिज्ञेने २०५० पर्यंत शीतकरणाशी संबंधित उत्सर्जन २०२२ च्या तुलनेत ६८ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले, परंतु ती ऐच्छिक आहे. भारत तीत सहभागी झाला नाही. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात मात्र २०३७-३८ पर्यंत शीतकरणासाठीची ऊर्जेची गरज २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने आधीच नोंदविले होते.

भारताचा पायाभूत स्तर मुख्यत्वे २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या सरासरी वापरावरून ठरतो. म्हणजे या काळात जितका वापर अधिक, तितकी पुढील मर्यादा सैल. एचएफसी-२३ च्या प्रकरणातील विसंगती येथे दुसऱ्या रूपात आढळते.