गिरिभ्रमण आणि मानसिक स्वास्थ्य

गिरिभ्रमण म्हणजे दोरखंड वा प्रस्तरारोहणाची साधने न वापरता टेकड्या, डोंगर आणि गड यांच्या पायवाटांनी केलेली भटकंती होय. बोलीभाषेत तिला डोंगरभटकंती किंवा ट्रेकिंग म्हणतात. गिर्यारोहणात शिखर गाठणे हे उद्दिष्ट असते. गिरिभ्रमणात चालणे हेच उद्दिष्ट असू शकते. मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पुढे उल्लेखिलेल्या अभ्यासांत मनाला झालेला लाभ विक्रमाशी वा उंचीशी नव्हे, तर निसर्गात निवांत किंवा नियमित चालण्याशी निगडित आहे.

कारणमीमांसा

चढणीवर वेग मंद असूनही श्वास व हृदयाचे ठोके वाढतात, त्यामुळे सपाटीपेक्षा थोड्या वेळात पुरेसा व्यायाम घडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या शारीरिक हालचालीची शिफारस केली असून, अशा हालचालीने चिंता व नैराश्य यांची लक्षणे कमी होतात, असे नमूद केले आहे.

व्यायामाखेरीज दुसरे कारण अवधानाशी संबंधित आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचेल व स्टीफन कॅपलन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, अभ्यास वा कचेरीचे काम यांसाठी प्रयत्नपूर्वक एकवटलेले लक्ष थकते. पाने, ढग, वाहते पाणी यांसारखी दृश्ये मात्र लक्ष अलगद वेधून घेतात आणि थकलेल्या अवधानास विश्रांती मिळते. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी पुस्तक मिटून तासभर टेकडीवर जाणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, असे यावरून म्हणता येईल; अर्थात कानांत गाणी आणि हातात भ्रमणध्वनी नसेल तर.

संशोधन

ग्रेगरी ब्रॅटमन व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३८ व्यक्तींपैकी काहींना स्टॅनफर्डजवळच्या गवताळ, ओकवृक्षांच्या परिसरात, तर इतरांना रहदारीच्या रस्त्याने ९० मिनिटे चालविण्यात आले. स्वतःविषयीचे तेच ते क्लेशदायक विचार मनात घोळवत राहण्याची प्रवृत्ती पहिल्या गटात कमी झाली आणि तिच्याशी संबंधित असलेल्या, मेंदूच्या अग्रभागातील एका क्षेत्राची सक्रियताही घटली. दुसऱ्या गटात असा बदल आढळला नाही. दोन्ही गट चाललेच होते. म्हणून हा फरक केवळ व्यायामाचा म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष डोंगरावरील प्रयोग ऑस्ट्रियात झाला. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या २० रुग्णांना देखरेखीखाली नऊ आठवडे नियमित डोंगरवाटांनी नेण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या काळात त्यांची निराशा, नैराश्य व आत्महत्येचे विचार कमी झाले. मात्र रुग्णसंख्या अल्प होती. शिवाय तुलनेच्या नऊ आठवड्यांत ही भटकंती नव्हती, त्यामुळे गुण चढणीचा, निसर्गाचा की सोबतीचा, हे वेगळे करता येत नाही. सोबतीचा वाटा लहान नसावा.

महाराष्ट्रातील परंपरा

सह्याद्रीत भटकंतीला इतिहासप्रेमाची जोड आहे. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या 'दुर्गभ्रमणगाथा' या पुस्तकाने अनेक वाचकांना गडवाटांची गोडी लावली. तथापि रोजच्या मनःस्वास्थ्यासाठी कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) घराजवळची टेकडी अधिक उपयोगाची. पुण्यातील पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी व वेताळ टेकडी येथे पहाटे नित्यनेमाने येणाऱ्यांत वृद्धांची संख्या मोठी असते. निवृत्तीनंतर ज्यांची नावानिशी विचारपूस कोणी करीत नाही, त्यांची येथे होते. एक दिवस खंड पडला तर दुसऱ्या दिवशी कारण विचारले जाते. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याला नागरिकांनी केलेल्या विरोधामागे पर्यावरणाबरोबरच ही दैनंदिन गरजही आहे. याउलट पावसाळी रविवारी लोकप्रिय गडांवर छायाचित्रांसाठी लागणाऱ्या रांगांतून मनःशांती कितपत लाभते, हा प्रश्नच आहे.

मर्यादा व दक्षता

गिरिभ्रमण हा औषधोपचार वा समुपदेशन यांना पर्याय नाही. तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेही कठीण असते. अशा व्यक्तीस 'जरा डोंगरावर जाऊन ये' असे सुचविल्याने अपराधभाव वाढू शकतो. तिला एकटीला कड्याकपारींत पाठवू नये. परिचित व्यक्तीसह सोप्या, रुंद वाटेने थोडे चालणे उचित. हृदयविकार वा गुडघेदुखी असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. गुडघ्यांवर चढणीपेक्षा उतरणीचा भार अधिक पडतो. पावसाळ्यात शेवाळलेले कातळ व धुके यांमुळे वाट चुकणे किंवा घसरणे संभवते, म्हणून माहीतगार सोबती असावा आणि परतण्याची अपेक्षित वेळ घरी सांगून निघावे.