महिंद्रा युनायटेड

मुंबईतील एक भूतपूर्व फुटबॉल संघ. जीपगाड्या व ट्रॅक्टर यांचे उत्पादन करणाऱ्या महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीच्या क्रीडामंडळाचा संघ म्हणून त्याची स्थापना १९६२ मध्ये झाली. ‘जीपमेन’ हे त्याचे वृत्तपत्रीय टोपणनाव. मुंबईतील फुटबॉलची घडण ध्यानात घेतल्याखेरीज या संघाचा उदय आणि अस्त यांचा उलगडा होत नाही.

मुंबईत हा खेळ रुजविला तो प्रामुख्याने ब्रिटिश पलटणींनी. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेत प्रथम विजयी झाली ती वुस्टरशर रेजिमेंट. हा चषक भारतीय संघाच्या हाती पहिल्यांदा आला तो १९३७ मध्ये, आणि तो संघही मुंबईचा नव्हता. तो होता बंगलोर मुस्लिम्स. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या व त्यांची रिकामी जागा कंपन्यांनी आणि सरकारी उपक्रमांनी भरून काढली. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया अशी नावे संघांच्या यादीत दिसू लागली. पैकी कॅलटेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक पटकाविला. खेळाडूला नोकरी द्यावयाची, सरावासाठी कामातून सवलत द्यावयाची आणि त्याने कंपनीच्या वतीने खेळावयाचे, अशी ही व्यवस्था होती. खेळातून पोट भरण्याची सोय नसलेल्या काळात कित्येक तरुणांना तिने कायमची भाकरी दिली, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. वांद्रे, माहीम, मालाडचे ऑर्लेम अशा ख्रिस्ती वस्त्यांत या खेळाची आवड पूर्वापार आहे. तेथील होतकरू मुलांनाही कंपनीची नोकरी हाच मोठ्या स्पर्धांकडे नेणारा मार्ग होता.

कंपन्यांच्या आश्रयाने संघ निघणे ही केवळ मुंबईचीच रीत नव्हे. मँचेस्टर युनायटेडचा उगम १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वे कारखान्याच्या कामगारांत आहे; वेस्ट हॅम हा मूळचा टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचा संघ (१८९५). परंतु हे संघ लवकरच मालकापासून सुटे झाले आणि गावाचे बनले. वेस्ट हॅमने तर पाच वर्षांतच कारखान्याचे नाव टाकले. मुंबईत तसे घडले नाही. महिंद्राचा मोठा कारखाना उपनगरातील कांदिवलीस, तर मुख्य सामने व्हावयाचे ते सुमारे ३० किमी. दूर, शहराच्या दक्षिण टोकाच्या कूपरेज मैदानावर. पाळी संपवून लोकलने तेथवर जाणारा प्रेक्षक किती असणार? संघ एका ठिकाणी, त्याची माणसे दुसऱ्या ठिकाणी, अशीच ही स्थिती म्हणावी लागेल.

पहिली अनेक वर्षे संघाची धाव मुख्यत्वे मुंबईच्या हारवुड लीगपुरती व निमंत्रित स्पर्धांपुरती राहिली. त्याचा खरा उत्कर्ष शतकाच्या अखेरीस झाला. १९९८ मध्ये त्याने ड्युरँड चषक जिंकला. २००० च्या सुमारास संघ पूर्णतः व्यावसायिक करण्यात आला व ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव रूढ झाले. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ व २००५ मध्ये फेडरेशन चषक, आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५–०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग असे यश त्याने मिळविले. ही लीग १९९६ मध्ये सुरू झाली होती. तिचे विजेतेपद मिळविणारा महाराष्ट्रातील हा एकमेव संघ. ब्राझीलचा होसे बारेटो त्या काळात या संघाकडून खेळला.

त्यानंतर चारच वर्षांत, २०१० मध्ये, कंपनीने संघ विसर्जित केला व शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविले. तो निर्णय संचालकांचा होता आणि त्यांच्या अधिकारातलाच होता. ज्या शहराचा हा विजेता संघ, त्या शहराला त्यात बोलण्यास जागा नव्हती. पलटणीची बदली झाली की तिचा संघ जात असे, तसेच हेही झाले. पुढे आशियाई महासंघाच्या क्लब-परवान्याच्या अटी लागू झाल्यावर, २०१३ मध्ये, एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघही राष्ट्रीय लीगमधून वगळण्यात आले. केवळ संस्थेचा एक विभाग असलेला संघ त्या अटींत बसत नव्हता. २०१४ मध्ये स्थापन झालेला मुंबई सिटी हा संघ २०१६ पासून अंधेरीच्या क्रीडासंकुलात खेळू लागला. शहराच्या नावाचा हा संघ उपनगरात आला खरा, पण त्याचे बहुसंख्य भाग २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने विकत घेतले.