चाक उभं असतं तरी कशावर?

आजच्या भागात सायकलचं चाक. अख्खी सायकल नाही, फक्त चाक. दोनशे-तीनशे-सहाशे किलोमीटरच्या बीआरएम करणारी मंडळी फ्रेम कार्बनची घ्यावी की स्टीलची यावर रात्र रात्र वाद घालतात, आणि पहाटे तीन वाजता घाटात त्यांना खाली बसवतो तो मागच्या चाकातला दोन मिलिमीटर जाडीचा एक स्पोक. म्हणून या स्पोकचा इतिहास.

आधी बैलगाडी आठवा. तिच्या चाकात लाकडी आरे असतात आणि वजन खालच्या आऱ्यावर येतं, खांबावर यावं तसं. सायकलच्या तारेवर असं वजन टाकून बघा, ती लगेच वाकेल. तार दाब घेत नाही, फक्त ताण घेते. मग पातळ तारांचं चाक शंभर किलोचा माणूस कसा पेलतं? उत्तर असं, की सगळ्या तारा आधीच खेचून ठेवलेल्या असतात. तुम्ही बसलात की खालच्या तीन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो. बस, इतकंच. गंमत म्हणजे बैलगाडीवाल्यांनाही ही युक्ती उलट्या बाजूने ठाऊक होती. लोखंडी धाव तापवून बसवायची, ती थंड होऊन आवळली की सगळे आरे आत दाबले जातात. दोन्हीकडे चाक मजबूत होतं ते रस्त्यावर यायच्या आधीच.

तारांच्या चाकाचं पेटंट पॅरिसच्या यूजीन मेयरने 1869 मध्ये घेतलं. पण सुरुवातीच्या चाकांत तारा हबपासून सरळ रिमकडे जायच्या. पेडल मारलं की हब फिरू बघतो आणि सरळ तार ते बळ नीट पोचवू शकत नाही. 1874 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा तिरक्या, एकमेकींना छेदत लावल्या. आज तुमच्या मागच्या चाकात जी जाळी दिसते, ती हीच. दीडशे वर्षांत तिच्यात मूलभूत बदल झालेला नाही. माझ्या क्षेत्रात पाच वर्षांपूर्वीचा कोड कुणी ओळखत नाही, त्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता खरी गोष्ट. 6 सप्टेंबर 1891, पॅरिस. 'ल पती जुर्नाल' या वर्तमानपत्राच्या प्येर जिफारने शर्यत भरवली: पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, सुमारे 1,200 किलोमीटर. सायकलला सील ठोकलेलं, म्हणजे निघालात त्याच सायकलवर परत यायचं. दोनशेहून जास्त जण निघाले, जेमतेम शंभर पोचले.

हवेचे टायर तेव्हा नवेकोरे होते. डनलॉपचं पेटंट 1888 चं. चालवायला मऊ, पण टायर रिमला चिकटवलेला, त्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे काही तासांचं काम आणि वर डिंक सुकायची वाट. मिशलँ बंधूंच्या कारखान्यात 1889 मध्ये असाच एक टायर दुरुस्तीला आला होता आणि त्या वैतागातून त्यांनी काढता येणारा टायर बनवला. शार्ल तेरों हा टायर घेऊन धावला. त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लावाल डनलॉपवर. तिसऱ्या रात्री जिएल-लावाल झोपला आणि न झोपता तेरों त्याला मागे टाकून गेला. वेळ 71 तास 22 मिनिटं, दुसरा त्याच्यानंतर सुमारे आठ तासांनी.

विजयाचं श्रेय झोपेला द्यायचं की टायरला? माझ्या मते दोघांना, पण बाजाराने ते टायरला दिलं. पुढच्या वर्षी मिशलँने स्वतःच पॅरिस ते क्लेरमाँ शर्यत भरवली आणि आपला टायर किती पटकन दुरुस्त होतो हे दाखवायला रस्त्यावर चक्क खिळे टाकले! मला यातला धूर्तपणा आवडत नाही, पण मुद्दा शंभर टक्के पटतो. लांबच्या प्रवासात 'कधीच बिघडत नाही' यापेक्षा 'रस्त्याकडेला दुरुस्त होतं' हा गुण मोठा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 1923 मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा 1928 मध्ये परतले, सुमारे 71,000 किलोमीटर करून. मध्ये टायर-रिम कितीही बदलले असोत, हे चाकाचे तीन कोटींहून जास्त फेरे होतात.

फेरे मोजायचं कारण सांगतो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरने 1981 मध्ये 'द बायसिकल व्हील' हे पुस्तक लिहिलं आणि संगणकावर हिशेब मांडून दाखवलं की चाक खालच्या स्पोकवर 'उभं' असतं, वरच्यांना 'लटकत' नसतं. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो, पुन्हा ताणला जातो. 1,200 किलोमीटरमध्ये हे साडेपाच लाखांहून जास्त वेळा होतं. स्पोक एका खड्ड्याने सहसा तुटत नाही. तो थकतो, हबजवळच्या वाकणावर. आणि सैल स्पोक लवकर थकतो, घट्ट नाही. बहुतेकांना हे उलटं वाटतं.

यावरून खरेदीचं गणित सोपं होतं. लांबच्या राइडसाठी मागे 32 स्पोक, तीन छेद, साधे वाकणाचे स्पोक, जे गावातल्या दुकानातही मिळू शकतील. वीस स्पोकचं देखणं चाक हलकं असतं, मान्य. पण त्यातला एक तुटला की रिम एवढी सरकते की ब्रेकला किंवा फ्रेमला घासते. बत्तीसमध्ये एक गेला तर ब्रेक थोडा सैल करून घरी येता येतं.

निगा म्हणाल तर महिन्यातून एकदा स्पोक बोटाने छेडून ऐका. मागच्या चाकात गिअरकडच्या तारांचा सूर उंच आणि दुसऱ्या बाजूचा खाली, हे बरोबर. पण एकाच बाजूच्या तारांत एखादी बद्द वाजली तर तिची निपल पाव फेरा आवळा. नवीन चाक बांधून घेतलंत की शेजारच्या तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा, आणि मग पुन्हा आउट काढून घ्या. ब्रँटचा या दाबण्यावर फार भर होता. रिमब्रेक असेल तर रिमच्या कडेवर बोट फिरवा. खोलगट लागली की रिम बदला, पावसाळ्यातल्या चिखलाने ती फार लवकर झिजते.

आणि योग्य लांबीचे दोन जादा स्पोक फ्रेमच्या मागच्या नळीला टेपने चिकटवून ठेवा. लांबी दोन्ही बाजूंची वेगळी असते, ती आधी मोजा.