सायलेंट व्हॅली आणि जाणत्यांचा सल्ला



जमिनीला हात लावण्यापूर्वीं जाणत्याला विचारावें, ही रीत आपल्याकडे नवी नाहीं. विहीर खणणारा पाणाड्याला विचारतो, घर बांधणारा गवंड्याला विचारतो. परंतु एखादें अरण्य बुडवावें कीं राखावें, हें ठरविण्यापूर्वीं तेथील झाडें व प्राणी यांचा अभ्यास करणाऱ्याचें मत घ्यावें, ही कल्पना आपल्या राज्यकारभारांत अगदीं अलीकडची आहे. तिची सर्वांत गाजलेली कसोटी केरळांतील सायलेंट व्हॅलीच्या प्रकरणांत लागली. तो इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

निलगिरीच्या नैर्ऋत्येस, पालक्काड जिल्ह्यांत हें खोरें आहे. त्यांतून वाहणारी नदी कुंतीपुळा, आणि ती अरुंद घळींत शिरते त्या जागेचें नांव सैरंध्री. पांडवांच्या अज्ञातवासाची आठवण तेथील लोकांनीं अशी नांवांतून जपली आहे. इंग्रजांनीं या खोऱ्याला ‘निःशब्द’ म्हटलें. इतर रानांतून कानठळ्या बसविणारी रातकिड्यांची किरकिर येथें ऐकूं येत नाहीं म्हणून, अशी समजूत आहे. येथील अरण्य सदाहरित आहे. झाडांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले कीं, खालीं उन्हाचा कवडसाही क्वचितच पोंचावा. याच शेंड्यांवर सिंहपुच्छ माकड राहतें. त्याचें अंग काळें, मुखाभोंवतीं करड्या केसांची आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. सह्याद्रीच्या दक्षिण भागाखेरीज जगांत तें कोठेंही आढळत नाहीं. जमिनीवर तें क्वचितच उतरतें. म्हणून शेंड्यांची सांखळी तुटली, कीं त्याचा रस्ताच तुटतो.

सैरंध्रीची घळ धरणाला सोयीची आहे, हें १९२८ सालींच हेरलें गेलें होतें. पुढें केरळच्या वीजमंडळानें १२० मेगावॉट विजेची योजना आंखली आणि १९७३ सालीं योजना आयोगानें तिला मान्यता दिली. मलबार हा राज्याचा मागासलेला भाग. तेथें कारखाने यावेत, दिवे लागावेत, सुमारें दहा हजार हेक्टर शेतीला पाणी मिळावें, असा योजनेचा हेतु होता. हा हेतु खोटा नव्हता, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. अंधारांत बसलेल्या माणसाला दिवा नको, असें म्हणण्याचा अधिकार शहरांतील निसर्गप्रेमी माणसाला नाहीं. प्रश्न एवढाच होता कीं, त्या दिव्याची किंमत कोणी आणि कशी मोजावयाची?

ती मोजण्यासाठीं १९७६ सालीं केंद्राच्या पर्यावरण समितीनें एक कृतिगट नेमला. त्याचे अध्यक्ष जफर फत्तेहअल्ली हे मुंबईचे पक्षिअभ्यासक होते. ही योजना सोडून द्यावी, असा त्यांच्या गटानें स्पष्ट निर्वाळा दिला. परंतु निर्वाळा तेथेंच संपला नाहीं. सोडणें शक्यच नसेल, तर निदान अमुक अमुक दक्षता घ्याव्यात, असें म्हणून गटानें सतरा अटी जोडल्या.

या प्रकरणाचें सारें मर्म या ‘शक्यच नसेल तर’मध्यें आहे. सल्ला देणाऱ्यांनीं तें सद्भावनेनेंच लिहिलें असेल. पण सल्ला घेणाऱ्याला जें हवें होतें, तें त्यांत सांपडलें. राज्य सरकारनें मुख्य शिफारस बाजूला ठेवली आणि सतरा अटी उचलल्या. १९७९ सालीं त्या पाळण्यासाठीं कायदाही केला, आणि मग काम पुढें नेण्यास हरकत ती कोणती, असा सवाल टाकला. बुडणारें क्षेत्र अवघें ८३० हेक्टर, म्हणजे साऱ्या खोऱ्याचा जेमतेम दहावा हिस्सा, हा हिशेब वारंवार मांडण्यांत आला. हिशेब अंकगणिताच्या दृष्टीनें बरोबरच होता. परंतु अरण्य म्हणजे कापडाचा तागा नव्हे, कीं एका टोकाचा वार फाडला तरी बाकीचे वार जसेच्या तसे राहावेत. नदीकांठचें रान हें खोऱ्याचें काळीज. तें पाण्याखालीं गेलें, भोंवतीं रस्ते झाले, मजुरांची वस्ती वर्षानुवर्षें राहिली, म्हणजे उरलेल्या नऊ हिश्शांचें काय होतें, हें त्या हिशेबांत नव्हतें.

दुसरा सल्ला कोणीं मागितलेला नव्हता. केरळ शास्त्रसाहित्य परिषद ही शिक्षकांची आणि विज्ञानप्रेमी नागरिकांची संस्था. एम. के. प्रसाद हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक या कामांत अग्रेसर होते. परिषदेनें वनस्पतींच्या जाणकाराबरोबर विजेचे आणि अर्थशास्त्राचे जाणकारही बसविले, आणि केवळ ‘रान किती जाईल’ एवढेंच न विचारतां ‘विजेची खरी गरज किती, आणि ती दुसरीकडून भागेल काय’ असाही प्रश्न घातला. ‘माकडें हवींत कीं माणसें’ असें हिणवणाऱ्यांना हें उत्तर होतें. माकडाचा कैवार घेणारा मनुष्य दिव्याचाही हिशेब मांडूं शकतो, हें त्या अहवालानें दाखविलें. कवयित्री सुगतकुमारी यांच्यासारखे साहित्यिकही चळवळींत उतरले.

तरीही लढा सोपा नव्हता. १९७९ सालीं पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं योजनेच्या बाजूनें कौल दिला. डॉ. स्वामिनाथन यांनीं मात्र त्याच वर्षीं हें खोरें व शेजारचीं रानें मिळून ३८९ चौरस किलोमीटरांचें राखीव क्षेत्र करावें, असें सुचविलें. जानेवारी १९८० मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें योजनेविरुद्धची याचिका फेटाळली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राज्यानें खोऱ्याला राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलें; पण धरणाची जागा वगळून! देवाची मूर्ति काढून घेऊन देऊळ राखल्यासारखेंच तें झालें. शेवटीं केंद्र व राज्य यांची संयुक्त समिति नेमली गेली. तिचे अध्यक्ष पदार्थवैज्ञानिक एम. जी. के. मेनन, आणि सदस्यांत पुण्याचे माधव गाडगीळ. १९८३ सालीं समितीचा अहवाल आला, इंदिरा गांधींनीं निर्णय घेतला आणि योजना रद्द झाली. नोव्हेंबर १९८४ मध्यें, यावेळीं धरणाच्या जागेसह, ८९.५२ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें. सैरंध्रीची घळ कोरडी पडली नाहीं. कुंतीपुळा आजही तिच्यांतून मोकळी वाहते.

या झगड्यानंतर सल्ल्याला कायद्याचें स्थान मिळत गेलें. १९८६ सालीं पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. १९९४ च्या अधिसूचनेनें मोठ्या प्रकल्पांपूर्वीं पर्यावरणावरील परिणामांचें मूल्यमापन सक्तीचें केलें, आणि २००६ सालीं त्या जागीं नवी अधिसूचना आली. आज असें मूल्यमापन करणें हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. दुर्मिळ प्राण्यांची नोंद, वनस्पतींची यादी, पाण्याचा अभ्यास, अटींची मालिका, सारें कांहीं त्यांत असतें. परंतु हा सल्लागार नेमतो कोण? ज्याला प्रकल्प उभारावयाचा आहे तोच. आणि त्याचें वेतनही तोच देतो. अशा स्थितींत ‘करावें कीं करूं नये’ हा प्रश्न मागें पडतो आणि ‘करतांना कोणत्या अटी घालाव्यात’ हा पुढें येतो. सतरा अटींचा मोह आतां एका गटापुरता उरलेला नाहीं.

म्हणून सायलेंट व्हॅलीची कथा केवळ विजयाची कथा म्हणून सांगूं नये. त्या खोऱ्याला वांचविलें तें सल्ल्यानें खरें, पण पहिल्या सल्ल्यानें नव्हे. पहिल्यांत ज्ञान होतें, सचोटी होती. नव्हता तो केवळ शेवटच्या ओळीचा ठामपणा. तो ठामपणा गरजेचा हिशेब मांडणाऱ्या नागरिकांनीं मागाहून पुरविला. उपाय जेथें आहे, तेथें जाणत्यानें अटी अवश्य घालाव्यात. पण जेथें उपाय नाहीं, तेथें ‘नाहीं’ हा शब्द लिहून पुढें पूर्णविराम द्यावा. त्यापुढें ‘तथापि’ लिहूं नये.